समुद्रापलीकडचा सीमाभाग

आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात ‘आखात’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं दुबई येते. मी काही वर्षं ओमानच्या पार दक्षिणेला, धोफार प्रांतातल्या सलालाह शहरात पंप फिटर म्हणून काम केलं. हे सांगितलं की समोरून ठरलेला प्रश्न येतो, “एवढ्या उन्हात कसा काय राहिलास रे?” मग मी सांगतो, की जून ते सप्टेंबर तिथले डोंगर हिरवेगार असतात, कितीतरी दिवस सूर्य दिसत नाही, आणि दुबई-रियाधची माणसं बायकापोरांना गाडीत घालून हजार-हजार किलोमीटर येतात ती अंगावर भुरभुर पाऊस घ्यायला. कुणाचा विश्वास बसत नाही. म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढायचं ठरवलं.

मी ज्या भागाबद्दल लिहितोय तो म्हणजे अरबस्तानाची दक्षिण कड. ओमानचं धोफार, त्याला लागून येमेनमधला महरा, पुढं हद्रमौत, मग एडन, आणि समुद्रात सोकोत्रा बेट. यातलं धोफार मी पायाखाली घातलं आहे. येमेनमध्ये २०१४ पासून युद्ध पेटलं, त्यामुळं पलीकडं जायला मिळालं नाही. पण पलीकडची माणसं सलालाहमध्ये रोज भेटायची. या भागाचा आणि आपला संबंध पगाराच्या पैशापेक्षा फार जुना आहे, आणि सीमाभागात वाढलेल्या माणसाला तिथं आणखी एक गोष्ट दिसते, जी पर्यटकांच्या नजरेतून निसटते. तिच्याकडं मी येणारच आहे.

आधी पाऊस. तिकडं त्याला ‘खरीफ’ म्हणतात. ओमानचं सरकार २१ जून ते २१ सप्टेंबर असा तो मोसम धरतं. हा कुठला वेगळा पाऊस नाही. जो नैऋत्येचा वारा कोकण ओलांडून आमच्या तालुक्यातल्या कणकुंबीला धो-धो कोसळतो, त्याच वाऱ्याची कड धोफारच्या किनाऱ्याला घासून जाते. पण तिथं त्याचं वागणं निराळं. वारा किनाऱ्याला समांतर वाहतो आणि समुद्राच्या वरच्या थरातलं कोमट पाणी किनाऱ्यापासून दूर ढकलतो. त्याच्या जागी खोलातलं थंडगार पाणी वर येतं. या थंड पाण्यावरून येणारी दमट हवा गार होते, तिचं धुकं आणि खालचे ढग होतात. वर मात्र वाळवंटाकडची तापलेली कोरडी हवा झाकण घालून बसलेली असते. ढगाला वर चढायला वावच नाही. म्हणून तिथं गडगडाट नाही, वीज नाही, आपल्यासारख्या धारा नाहीत. ढग डोंगराला दाबला जातो आणि नुसता झिरपत राहतो. अख्ख्या मोसमात सलालाह शहरात जेमतेम शंभरेक मिलिमीटर पाऊस होतो, डोंगरावर त्याच्या दुप्पट-तिप्पट. कणकुंबीच्या पर्जन्यमापकात एवढं पाणी एका चांगल्या दिवसात पडतं. तरी तेवढ्यावर तिथला डोंगर न्हाऊन निघतो.

जूनच्या शेवटी आईचा फोन यायचा. “तिकडं पाऊस लागला काय?” तिच्याकडं तेव्हा रोपलावणीची गडबड असायची. मी म्हणायचो, “लागला की, कालपासनं धुकं धरलंय.” तिला आधी वाटायचं मी तिची समजूत काढतोय. मग एकदा व्हिडिओ कॉल करून तिला इत्तीनचा डोंगर दाखवला, रस्त्यात आडव्या बसलेल्या गाई दाखवल्या. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “गाई बारक्या आहेत, पण तुकतुकीत आहेत.” तिच्या दृष्टीनं त्या दिवसापासून सलालाह हे एक गाव झालं. आखात राहिलं नाही.

आता माझ्या कामाबद्दल थोडं, कारण त्यातूनच मला हा पाऊस कळला. डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये सलालाहचं सपाट मैदान आहे, फार रुंद नाही. त्यात नारळ, केळी आणि पपईच्या बागा. रस्त्याच्या कडेला ओळीनं टपऱ्या, शहाळी आणि केळीचे घड टांगलेले. चौदाव्या शतकात इब्न बतूता इथं आला होता तेव्हा त्यालाही आश्चर्य वाटलं होतं, की नारळ आणि विड्याची पानं हिंदुस्थानात होतात तशी या एका शहराच्या आसपासही होतात. त्या जुन्या शहराचे अवशेष आज समुद्रकाठी ‘अल बलीद’ म्हणून राखले आहेत. माझं काम त्याच्या आसपासच्या बागांमधले पंप बघायचं. समुद्राजवळच्या विहिरींतलं पाणी मचूळ. जास्त उपसा झाला की समुद्राचं पाणी जमिनीखालून आत शिरतं, मग पंपातलं पाणी फेकणारं चाक, म्हणजे इंपेलर, खाऊन जातो, बेअरिंग टिकत नाही, पाइपाच्या आतून मिठाचा थर धरतो. डोंगराच्या पायथ्याकडं सरकावं तसं पाणी गोडं होत जातं. मला सुरुवातीला कोडं पडायचं, की शंभर मिलिमीटर पावसावर एवढ्या बागा भिजतात कशा?

उत्तर डोंगरावरच्या झाडांत आहे. धुकं झाडाच्या पानांना, फांद्यांना अडतं, त्याचे थेंब होतात आणि झाडाखाली टपटपत राहतात. उघड्या माळावर ठेवलेल्या मापकात जेवढा पाऊस दिसतो, त्यापेक्षा जास्त पाणी झाडाखालच्या जमिनीला मिळतं. शास्त्रज्ञांनी तिथं मुक्काम ठोकून हे मोजलेलं आहे. मी खरीफच्या दिवसांत ‘ऐन रझात’ नावाच्या झऱ्याजवळ एका झाडाखाली उभा राहून डोकं भिजवून घेतलं आहे, आणि चार पावलं बाजूला कोरड्यात उभा राहिलो आहे. त्या डोंगरावरचं मुख्य झाड कुठलं, हे समजल्यावर मला फार आनंद झाला. ते धावड्याच्या कुळातलं आहे. आपल्या खानापूर-गोकाककडच्या रानात जो धावडा, त्याचाच धोफारी भाऊबंद. जगात दुसरीकडं कुठं तो उगवत नाही, फक्त धोफार आणि महराच्या त्या धुक्याच्या पट्ट्यात. चिंचही आहे तिथल्या दऱ्यांमध्ये. गेल्या पन्नास वर्षांत डोंगरावर उंट आणि गुरं फार वाढली, कोवळी रोपं तग धरत नाहीत, आणि झाडं कमी होत चालली आहेत. झाड गेलं की धुकं अडायचं थांबतं, आणि मग खाली विहिरीत माझ्या पंपाला हवा लागते. पंपाची मोटर जळाली की सगळे फिटरकडं बघतात. मी डोंगराकडं बघायचो.

डोंगराचा माथा ओलांडला की दहा-पंधरा मिनिटांत जग बदलतं. धुकं एका रेषेवर संपतं. इकडची काच ओली, तिकडं लख्ख ऊन आणि खडकाळ माळ. याच कोरड्या बाजूला, सलालाहपासून चाळीसेक किलोमीटरवर थुमरैतच्या रस्त्याला वादी दौका आहे. वादी म्हणजे कोरड्या नदीची दरी. तिथं ऊदाची झाडं राखलेली आहेत. अरबी लोक त्या डिंकाला ‘लुबान’ म्हणतात. झाड दिसायला अगदीच साधं, बुटकं, मुळापासूनच फांद्या फुटलेलं, साल कागदासारखी सुटणारी. पाऊस अंगावर नको, पण पावसाची गार हवा जवळून गेलेली पाहिजे, अशी त्याची तऱ्हा. आपल्या दख्खनच्या कोरड्या डोंगरांवर जी साळई उगवते ती याच कुळातली, तिचाही डिंक धुपाला वापरतात. बेळगावच्या बाजारात ‘लोबान’ म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा वेगळ्याच झाडाचं, इंडोनेशियाकडून येणारं असतं. खऱ्या धोफारी लुबानाचा वास हलका, लिंबाच्या सालीसारखा असतो, आणि चांगला खडा हिरवट झाक मारतो. सर्वांत वरच्या प्रतीला ‘होजरी’ म्हणतात.

काढायची पद्धत मी एका म्हाताऱ्या माणसाबरोबर उभा राहून पाहिली. खुरप्यासारखं बोथट पातं घेऊन तो सालीवर छोटा चट्टा काढायचा, खोल घाव घालायचा नाही. दुधासारखे थेंब वर येतात. ते सुकेपर्यंत दोन-तीन आठवडे थांबायचं. पहिल्या वेळचं खरवडून टाकून देतात. पुन्हा त्याच जागी थोडं मोठं करायचं, पुन्हा थांबायचं. चांगला माल तिसऱ्या खेपेपासून येतो. खरीफ लागायच्या आत हे काम उरकायचं असतं. झाडाला मध्ये विश्रांती द्यावी लागते, नाहीतर ते मरतं. हे सांगताना त्याचा आवाज चढला होता, कारण भाव वाढल्यापासून बाहेरचे मजूर येऊन वाट्टेल तसं ओरबाडतात, अशी त्याची तक्रार होती.

या डिंकावर दोन हजार वर्षांपूर्वी राज्यं उभी राहिली. सबा, कताबान, हद्रमौत, मईन, नंतर हिम्यर. येमेनमधल्या मारिबचं धरण सबाच्या लोकांनी बांधलं, इ.स. पूर्व आठव्या शतकापासून ते पाणी अडवत होतं, आणि इसवी सनाच्या सहाव्या शतकात शेवटचं फुटलं ते कायमचं. रोमच्या ऑगस्टस बादशहानं इ.स. पूर्व २५ च्या सुमारास या भागावर फौज पाठवली होती. पाण्याअभावी आणि रोगराईनं ती परत फिरली.

सलालाहच्या पूर्वेला, ताका गावाच्या पुढं खोर रोरी नावाची खाडी आहे. तिच्या काठावरच्या टेकाडावर सुमहुरम या तटबंदीच्या शहराचे अवशेष आहेत. हद्रमौतच्या राजानं आपल्या राजधानीतून, शब्वाहून, माणसं पाठवून वसवलेलं हे बंदर. वेशीच्या दगडांवर जुन्या दक्षिण अरबी लिपीतले शिलालेख अजून जागेवर आहेत. अक्षरं इतकी सरळ, टोकदार आणि मोजून-मापून कोरलेली आहेत, की आपल्या बेळगावच्या उद्यमबाग कारखाना वसाहतीतल्या चांगल्या टर्नरनंही मान डोलवावी. मी तिथं जमेल तेव्हा जायचो. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशानं लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या समुद्रप्रवासाच्या टिपणांत या बंदराचा उल्लेख येतो. तो लिहितो, की भडोचकडून आणि केरळच्या किनाऱ्याकडून येणारी गलबतं उशीर झाला तर मोसम संपेपर्यंत इथंच मुक्काम करतात, आणि कापड, गहू आणि तिळाचं तेल देऊन राजाच्या माणसांकडून ऊद घेतात. त्याच टिपणांत पैठण, तेर आणि कल्याण यांचीही नावं येतात. पैठण-तेरचा माल गाडीरस्त्यानं भडोचला जायचा. म्हणजे दख्खनवर विणलेलं एखादं कापड या खाडीत उतरलं असणं सहज शक्य आहे.

आणि हे नुसतं कागदावर नाही. १९५० च्या दशकात अमेरिकन लोकांनी सुमहुरम खणलं तेव्हा भारतीय घडणीची एक छोटी कांस्य स्त्रीमूर्ती सापडली. ती आता वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. नंतर इटलीच्या पीसा विद्यापीठाच्या उत्खननात तमिळ-ब्राह्मी अक्षरं कोरलेलं खापर मिळालं. सोकोत्रा बेटावर होक नावाची खोल गुहा आहे. २००० नंतर बेल्जियमचे गुहासंशोधक तिच्यात फार आत शिरले, तर भिंतींवर, जमिनीवर, दगडांवर माणसांनी लिहून ठेवलेलं. त्यातले दोनशेच्या आसपास लेख ब्राह्मीत, बहुतेक दुसऱ्या ते चौथ्या शतकातले. लिहिलंय काय, तर स्वतःचं नाव, बापाचं नाव, गावाचं नाव. कुणी भडोचचा आहे. खलाशी माणसं, अंधारात मशाल घेऊन आत गेलेली, कोळशानं आणि चिखलानं नावं लिहून गेलेली. मला हे वाचून कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयातला तो वीतभर कांस्य पोसायडन आठवला, ब्रह्मपुरीच्या टेकाडात सापडलेला. शाळेच्या सहलीत त्याच्यापुढून आम्ही पळत गेलो होतो. समुद्राचा ग्रीक देव पंचगंगेच्या काठी येतो, आणि आपला माणूस सोकोत्राच्या गुहेत नाव लिहून येतो. हा सगळा प्रवास एकाच वाऱ्यानं घडवलेला आहे. तो वारा उन्हाळ्यानंतर एका बाजूनं वाहतो, थंडीत उलटा फिरतो, आणि गलबतं त्याच्या तालावर जा-ये करतात.

आता ती दुसरी गोष्ट, जिच्यासाठी खरं तर हे लिहायला घेतलं.

डोंगराच्या पायथ्याशी एका बागेच्या टाकीचं काम चालू होतं. बागेचे मालक, आमचे अर्बाब, पन्नाशीचे गृहस्थ. नगरपालिकेचा कारकून आला, त्याच्याशी ते अरबीत बोलले. कंपनीच्या इंजिनिअरशी फोनवर इंग्रजीत. माझ्याशी त्या आखाती मोडक्या हिंदीत. मग त्यांच्या आईचा फोन आला, आणि त्यांच्या तोंडून निघालेली भाषा मी तोवर कधी ऐकलेलीच नव्हती. काही आवाज जिभेच्या एका कडेनं हवा सोडून काढलेले. त्यांचा चेहरा सैल झाला, खांदे खाली आले. फोन ठेवल्यावर मी विचारलं, “अर्बाब, ये कौन सा जबान?” म्हणाले, “जिबाली. पहाड का. घर का.” मी विचारलं, “लिखने का?” त्यांनी मान हलवली. “लिखना अरबी. मदरसा अरबी. ये सिर्फ बोलना.”

त्या दिवशी रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही. माझ्या जमिनीचा उतारा कन्नडमध्ये. बँकेतला फॉर्म इंग्रजी-कन्नडमध्ये. मुलगी इंग्रजी माध्यमात. दुकानात अर्धं गिऱ्हाईक बैलहोंगलकडचं, त्यांच्याशी कन्नडमध्येच बोलायचं, आणि मला ते आवडतं. पण आईचा फोन आला की माझाही आवाज असाच बदलतो. भाषा बदलताना माणसाच्या खांद्यांचं काय होतं, हे सीमाभागातल्या माणसाला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

मग मी खोदत गेलो. जिबाली, तिलाच ‘शहरी’ही म्हणतात आणि बोलणाऱ्या कित्येकांना तेच नाव जास्त मान्य आहे, ही अरबीची बोली नाही. अरबी, हिब्रू ज्या सेमिटिक कुळातल्या, त्याच कुळातली, पण स्वतंत्र शाखा. अशा सहा भाषा दक्षिण अरबस्तानात अजून जिवंत आहेत. महरी, शहरी, सोकोत्री, हरसूसी, होब्योत आणि बतहरी. महरी बोलणारे लाखाच्या वर असतील, येमेन, ओमान आणि सौदीत विखुरलेले. बतहरी जाणणारी म्हातारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी राहिली आहेत. आणि होब्योत ऐन ओमान-येमेनच्या सरहद्दीवरच्या डोंगरात बोलली जाते. ती सरहद्द नक्की कुठून जाते, हे दोन्ही देशांनी १९९२ साली करार करून ठरवलं. भाषा मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून त्या डोंगराच्या दोन्ही उतारांवर होती. करारानंतर एका घरातले काका एका देशात आणि पुतणे दुसऱ्या देशात, असं झालं. १९५६ साली बेळगाव-कारवारला जे झालं ते राज्यांच्या सीमेचं होतं, इथं देशांची आहे. दोन्ही गोष्टी एक नाहीत, हे मला कळतं. पण नकाशावर रेघ ओढताना घरात कुठली भाषा बोलतात हे न विचारता ओढली, की काय होतं, ते दोन्हीकडं सारखंच.

या भाषांना स्वतःची लिपी नाही. सुमहुरमच्या वेशीवर कोरलेली भाषा या सहांपैकी कुणाचीच थेट आई नाही, चुलत नातं म्हणता येईल. गाणी, कोडी, भांडणं, शेळ्या-उंटांच्या वंशावळी, सगळं तोंडी. ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नाहून १८९८ साली एक मोहीम निघाली, तिनं पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर या भाषांतल्या गोष्टी लिहून घेतल्या. नंतर टी. एम. जॉनस्टन या ब्रिटिश अभ्यासकानं आयुष्य घातलं. त्यांचा हरसूसीचा शब्दकोश १९७७ मध्ये आला, जिबालीचा १९८१ मध्ये, आणि महरीचा १९८७ मध्ये, ते वारल्यानंतर. आता मिरांडा मॉरिस आणि जॅनेट वॉटसन या बायका तिथल्या लोकांना बरोबर घेऊन ध्वनिमुद्रणं गोळा करतात. मला यातला सर्वांत मोलाचा भाग हा वाटतो, की डोंगरातली पोरंच आता मोबाइल घेऊन आजीसमोर बसतात. एकमेकांना निरोप लिहिताना अरबी अक्षरं वापरतात, जिथं आवाज बसत नाही तिथं काहीतरी खूण करतात. कुणी शाळेत शिकवलेलं नाही, तरी लिहितात.

आपल्याकडं मराठीवरून कुणी गळा काढला की मी आता त्यांना बतहरीची गोष्ट सांगतो. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा लावणारे आठ कोटींच्या वर होते. आपल्यामागं सात-आठशे वर्षांचं लिहिलेलं आहे. आपल्याला रडायचा हक्क आहे, पण हातात वही-पेन असताना नुसतं रडण्यात अर्थ नाही. जांबोटीच्या वरच्या वाड्यांवर म्हाताऱ्या बायका लावणीच्या वेळी ज्या गोष्टी सांगतात, गवताला, आळंब्यांना, पावसाच्या तऱ्हांना जी नावं घेतात, त्यातली निम्मी कुठल्या शब्दकोशात नाहीत. मी सलालाहहून आल्यापासून ती लिहून घेतोय, आवाजही घेतोय. त्या बायकांना आधी नवल वाटलं, आता बोलवून सांगतात.

एडनबद्दलही लिहायलाच हवं, कारण बेळगावचा आणि एडनचा राज्यकारभार कितीतरी वर्षं एकच होता, हे आपल्या मुलांना कुणी सांगत नाही. १९ जानेवारी १८३९ ला कॅप्टन हेन्सनं एडन घेतलं ते मुंबईहून नेलेल्या शिपायांच्या बळावर. तेव्हापासून १९३२ पर्यंत एडन मुंबई इलाख्याचा भाग होतं. बेळगाव जिल्हाही त्याच इलाख्यात. हुकूम मुंबईहून निघायचे, चलन रुपयाच. एडनमध्ये रुपया थेट १९५१ पर्यंत चालला. सलालाहच्या हाफा बाजारात एक येमेनी म्हातारा अत्तर आणि ऊद विकायचा, तो एडनचा. त्याच्या लहानपणी घरात हिशेब आण्यांत व्हायचा, असं तो सांगायचा. ‘चार आना, आठ आना’ त्याला पाठ होतं.

मी त्याला वासुदेव बळवंत फडक्यांबद्दल विचारलं. त्याला नाव माहीत नव्हतं, मग मीच सगळं सांगितलं. फडक्यांना पकडलं ते २० जुलै १८७९ ला, तेव्हाच्या कलादगी जिल्ह्यातल्या देवर नावदगी इथं. ते गाव आज विजयपूर जिल्ह्यात, आमच्या शेजारी. पुण्यात खटला चालला, जन्मठेप झाली आणि त्यांना एडनच्या तुरुंगात धाडलं. फेब्रुवारी १८८३ मध्ये त्यांनी कोठडीचं दार बिजागऱ्यांतून उखडून काढलं आणि पळाले. लगेच पुन्हा सापडले. मग अन्न सोडलं आणि १७ फेब्रुवारीला गेले. म्हाताऱ्यानं शांतपणे ऐकून घेतलं, मग विचारलं, “दरवाजा अकेला निकाला?” मी हो म्हटलं. त्यानं मला लुबानाची एक मूठ जास्त घातली. आपल्याकडं फडक्यांची जयंती शिरढोणला आणि पुण्यात होते. देवर नावदगीचं नाव सीमाभागातल्या किती शाळांत घेतलं जातं? मराठी आणि कन्नड दोन्ही मुलांना ते एकत्र सांगण्यासारखं आहे.

हद्रमौतचीही आठवण आपल्या दख्खनमध्ये जागोजागी सापडते. तिथल्या वादीत पाऊस फार कमी म्हणून तिथली माणसं शेकडो वर्षं बाहेर पडत आली. जावा-सुमात्रा, पूर्व आफ्रिका आणि हैदराबाद. निजामाच्या फौजेत हद्रमी अरब होते, त्यांच्या बराकींवरून हैदराबादची बारकस वस्ती झाली, आणि मराठवाड्यात ज्यांना ‘चाऊस’ म्हणतात ती त्यांचीच पुढची पिढी. हद्रमौतच्या मुकल्ला बंदरातून राज्य करणारे ‘कुऐती’ नावाच्या घराण्यातले सुलतान हे मुळात हैदराबादला जमादारी करून पैसा कमावलेलं घराणं, त्यांची सत्ता १९६७ पर्यंत टिकली. तिथलं शिबाम हे शहर मला बघायचंच आहे. कच्च्या विटांची पाच-पाच, आठ-आठ मजली घरं, बहुतेक सोळाव्या शतकातली, एकमेकांना खेटून उभी. १९८२ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. दर पावसाळ्यानंतर मातीचा गिलावा पुन्हा चढवावा लागतो, आणि युद्धाच्या काळात त्यासाठी माणसं आणि पैसा दोन्ही कमी पडतं. पुरानंही घरं पडली आहेत. सलालाहमध्ये शिबामचा एक गवंडी माझ्या ओळखीचा होता. तो म्हणायचा, माती वाईट नाही, माणूस दूर गेला की माती पडते.

कुणाला जायचं असेल तर धोफारला जाता येतं. बेळगावच्या माणसाला गोवा किंवा मुंबईहून मस्कत, आणि तिथून सलालाहचं दीड तासाचं विमान सोपं पडतं. मस्कतहून बसही आहे, पण ते हजार किलोमीटर वाळवंट आहे. खरीफ बघायचा तर जुलैच्या मध्यापासून ऑगस्टअखेर, पण त्या दिवसांत खोल्या महाग आणि रस्त्यावर गर्दी. मी म्हणेन सप्टेंबरच्या शेवटी जा. धुकं उठलेलं असतं, डोंगर हिरवा असतो, वादी दरबातला धबधबा वाहत असतो आणि डोंगरातली माणसं गुरं घेऊन परत वर चढत असतात. धुक्यात गाडी चालवायची असेल तर दिवे लावून सावकाश, उंट रस्ता सोडत नाही. सुमहुरमला सकाळी लवकर जा, वेशीवर तिरकं ऊन पडलं की शिलालेख नीट वाचता येतात. मिरबात, ताका, मुगसैल ही गावं एकेका दिवसात होतात. ताकाच्या किनाऱ्यावर वाळत घातलेल्या तारलीचा वास येईल, तो गुरांचा चारा आहे. शहरात चेरमान पेरुमाळ या केरळच्या राजाची म्हणून दाखवतात ती कबर आहे, तिथं मलयाळी माणसं भेटतील आणि चहा पाजतील.

लुबान हाफा बाजारातूनच घ्या, विमानतळावरून नको. खडा उन्हाला धरून बघा, आतून उजेड आला पाहिजे. मातीचं रंगवलेलं धूपपात्रही तिथंच मिळतं, धोफारच्या बायका हातानं करतात, भाव करू नका. डोंगरात कुणाच्या घरी बोलावणं आलं तर नाही म्हणू नका. तापलेल्या दगडांवर भाजलेलं मांस असेल. खात नसाल तर तसं आधी सांगा, दूध आणि खजूर पुढं येतील. आणि घरातली माणसं आपसात बोलायला लागली की त्यांना विचारा, ही कुठली भाषा? तिथं येणारे पाहुणे सहसा हे विचारत नाहीत.